गाडीला हात लावायचा नाही

"वहिनी, जरा हिकडं या. हे बघा."

इम्तियाजने इंजिनातून काढलेला प्लग फडक्यात धरून माझ्यापुढे केला. अजून गरम होता. जिथे ठिणगी पडते ते टोक चुन्यात बुडवून काढल्यासारखं पांढरंफटक होतं.

"ह्यो बिस्किटाच्या रंगाचा पाहिजे," तो म्हणाला. "काळा पडला तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा पडला तर कमी. आणि ह्यो तर हाडागत पांढरा पडलाय. काका, इंजिन आतनं भाजालंय बघा."

मामा पायरीवर बसून देवूसाठी पेरू चिरत होते. सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमच्या भागात तसंच म्हणतात; देवू त्यांना आबा म्हणते. त्यांनी मान वर केली नाही.

"पूस आणि बसव."

"पुसून काय हुतंय काका? हेडर नवा, जेट जुनीच. मिक्श्चर पार बोंबललंय."

"मला शिकवतोस व्हय, हवा आणि जळण?" मामांनी सुरी ताटलीत ठेवली. "सगळी हयात बॉयलरपुढं गेली माझी. पूस म्हटलं न्हवं? बाकी गाडीला हात लावायचा नाही."

इम्तियाजने माझ्याकडे बघितलं. मी देवूकडे बघितलं. ती झाडाखाली तिच्या कापडी बाहुलीला, बनीला, माती भरवत होती. तेव्हा ती साडेतीन वर्षांची असेल. मी सारखी तिच्याकडेच बघत असायचे. तिने काय गिळलं, कुठे पडली, झोपेत श्वास नीट आहे ना. एकदा घरातलं माणूस साध्या तापाने जातं म्हटल्यावर बघणं थांबवता येत नाही.

गाडी धैर्यशीलची होती. माझा नवरा, मामांचा एकुलता मुलगा. इम्तियाज शिकलगार त्याचा शाळेपासूनचा मित्र, कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज चालवायचा. धैर्यशील शिरोलीत फाउंड्रीत नोकरीला होता, पण जीव सगळा त्या निळ्या जुन्या गाडीत. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली गाडी. सुट्टी मिळाली की दोघे तिच्या खाली आडवे. त्यांनी केलेलं शेवटचं काम म्हणजे हा हेडर. इंजिनातला धूर बाहेर नेणारा कंपनीचा बिडाचा आखूड भाग काढून त्यांनी तिथे चार लांब वळणदार नळ्या बसवल्या. चारी पुढे जाऊन एकात मिळतात.

"आता बघ तिचा दम," धैर्यशील म्हणाला होता.

दम मला कळला नाही, आवाज मात्र सगळ्या गल्लीला कळला. आमचं घर कोडोलीत चढावर आहे. खाली बिरोबाच्या देवळापाशी रस्ता वळतो. तिथे त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की मागच्या पायपातून फाट्, फाट्-फाट् असे बार निघायचे. मी लहानग्या देवूला कडेवर घेऊन दारात यायचे आणि म्हणायचे, "आले बघ, बाबा आले." पुढची दोन मिनिटं चढ चढून यायला. तेवढ्यात मी चहा टाकायचे.

एक आठवडासुद्धा पुरता झाला नाही. मग ताप आला, डेंग्यू निघाला, पेशी उतरत गेल्या. बाकीचं मला नीट सांगता येत नाही.

वारणेच्या काठावर रक्षाविसर्जनाला नैवेद्य मांडला, त्यात त्याला आवडायचं ते सगळं होतं. तांबड्या रश्श्याची वाटी, भडंग, मोतीचूर. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते आणि खाली येत नव्हते. ऊन चढलं. माणसं एकेक करून पुढे होऊन हात जोडून बोलायला लागली. चुलत दीर म्हणाले, पोरीला शिकवू. मावससासूबाई म्हणाल्या, सुनेला अंतर देणार नाही. मला पुढे केलं तेव्हा माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. कावळे तसेच.

मग मामा पाण्यात गुडघाभर उतरले आणि बाभळीकडे बघून ओरडले, "धैर्या! तुझ्या गाडीला कुणाला हात लावू देणार न्हाई! जशी ठेवलीयस तशी ऱ्हाईल!"

एक कावळा उतरला आणि मोतीचूर घेऊन गेला.

बायका रडल्या. पुरुष म्हणाले, जीव गाडीत अडकला होता. त्या दिवसापासून गाडी म्हणजे दिलेला शब्द झाली.

दर रविवारी सकाळी आंघोळ झाली की मामा गाडी काढायचे. खाली हमरस्त्यापर्यंत जायचे, वळवून परत यायचे, आणि बिरोबाच्या वळणावर धैर्यशील उचलायचा तसाच पाय उचलायचे. फाट्, फाट्-फाट्. मी देवूला घेऊन पायरीवर उभी राहायचे.

"कोण आलं देवू?"

"बाबा आले!"

गल्लीतल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. मामा चढ चढून यायचे, इंजिन बंद करायचे आणि खाली उतरताना विचारायचे, "ओळखलं का गं पोरीनं?"

"ओळखलं मामा."

तेवढ्यावर त्यांचा आठवडा जायचा. खरं सांगायचं तर माझाही. तिने त्याला फोटोत बघितलेलं होतं, पण फोटो हलत नाही, चढावरून घरी येत नाही. तिच्यापाशी तिच्या बापाचं म्हणून जे काही होतं, ते एवढंच.

त्या दिवशी इम्तियाजने प्लग पुसून बसवला. मी त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले.

"वहिनी, तुम्ही शिकलेल्या हायसा. तुम्ही तरी काकांस्नी सांगा."

"नक्की झालंय काय? मला नीट सांगा."

"असं बघा. पहिल्यांदा गाडीचं नाक चोंदलेलं हुतं. कंपनीनं त्या मापानं पेट्रोलचं भोक ठेवलं. जेट म्हंत्यात त्याला, पितळंचं असतंय, एवढंसं. आम्ही हेडर बसवला आणि नाक मोकळं केलं. जळलेला धूर सुसाट भाईर जातोय, जाताना मागनं ताजी हवा वढून घेतोय. श्वास मोठा झाला, घास तेवढाच ऱ्हायला."

मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. हवा आणि इंधन यांचं प्रमाण मला कळत होतं. एवढंच कळत नव्हतं की बार का निघतात.

"पाय उचलला की मिक्श्चर अजून पातळ पडतंय," तो म्हणाला. "आत पेटतच न्हाई. कच्चंच भाईर पडतंय आणि गरम पायपात जाऊन भडकतंय. ते फाट्-फाट् म्हंजे तेच. लोकास्नी वाटतंय, काय आवाज काढलाय. चूक हाय ती वहिनी. धैर्यालाबी म्हाईत हुतं."

"मोठी जेट बसवली तर?"

"बार बंद. गाडी गप."

"आणि नाही बसवली तर?"

"व्हॉल्व्ह जळंल. आज न्हाई तर दिवाळीला. मग आवाजबी गेला आणि गाडीबी गेली."

तो गेला. मी मामांना काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? जाळाला हवा जास्त झाली की काय होतं, हे त्या माणसाला मी सांगायचं? साखर कारखान्यात भट्टीच्या काचेतून नुसता जाळाचा रंग बघून ते उसाची चिपाडं वाढवायची की हवा कमी करायची ते ठरवत. दर रविवारी गाडी चढ चढताना तापते, धापा टाकते, हे माझ्या आधी त्यांना कळत होतं. आणि मलासुद्धा ती गप व्हायला नको होती. दिवाळी तर दिवाळी. देवू तोवर आणखी थोडी मोठी होईल, आवाज डोक्यात पक्का बसेल, असा माझा हिशेब.

पुढच्या रविवारी मामा गाडी घेऊन खाली गेले आणि गॅसवर दूध उतू चाललं म्हणून मी आत पळाले. बंद करून वळले तर देवू पायरीवर नव्हती. मग सोप्यातल्या पलंगामागून तिचा आवाज आला. बारीक, समजावणीचा. ती तापलेली असताना मी तिला समजावते ना, हुबेहूब तसा.

"बनी, कान झाक. आता बाबा ओरडणार. घाबरायचं नाही. थोडंच ओरडतात."

मी दारातच थांबले.

खालून आवाज आला. फाट्. फाट्-फाट्.

देवूने बनीचे कान दोन्ही हातांनी गच्च दाबून धरले होते. स्वतःचे कान झाकायला तिला हातच उरले नव्हते. डोळे मिटलेले, खांदे कानाला भिडलेले, ओठ आत ओढलेले. आवाज संपला तरी ती थोडा वेळ तशीच होती. मग तिने एक डोळा उघडला, उठली, बनीला काखोटीला मारून धावत पायरीवर गेली. मी तिच्यामागे गेले. माझी चाहूल लागली तशी ती वळली आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा आले!"

म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बरोबर म्हटलं का, असं.

दर रविवारी ती असंच बघत असणार. मी इतकी तिच्याकडे बघणारी, पण त्या घडीला मी खाली रस्त्याकडे बघत असायचे.

दुपारी तिला थोपटताना मी विचारलं, "देवू, बाबा ओरडतात?"

"हो."

"कुणावर?"

"आपल्यावर."

"का गं?"

तिने बनीचा झगा सरळ केला. "आपण त्यांना आत घेत नाही ना."

"म्हणजे?"

"ते येतात आणि फक्त आबाच आत येतात. मग ते बाहेरच राहतात. मग ओरडतात."

ती झोपली. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. बाहेर मामा गाडीवरून फडकं फिरवत होते, त्याचा ओला आवाज येत होता. हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? म्हातारा माणूस आठवडाभर जगतो कशावर, तर पोरीने बापाला ओळखलं यावर. आणि सांगितलं तरी ते म्हणणार, पोर आहे, काहीही बोलते. आवाज होतो तेव्हा ते कायम गाडीत असायचे. तिचा चेहरा त्यांनी कधी बघितलाच नव्हता.

आठवडा असाच गेला. रविवारी मामा किल्ली घेऊन निघाले तशी मी पायातली स्लीपर काढून चप्पल चढवली.

"मामा, आज मी नेते गाडी."

"तू?"

"धैर्यशीलनं शिकवलीय की मला. लायसन आहे."

"लायसन घेऊन कपाटात ठेवलंस. त्यानंतर कवा बसलीस?"

"म्हणून तर म्हणते. हात सुटेल अशानं. तुम्ही देवूजवळ बसा."

त्यांनी किल्ली मुठीत धरून ठेवली. "वळणावर पाय उचलायचा असतोय. म्हाईत हाय न्हवं?"

"माहीत आहे."

"पोरगीला ऐकू आलं पाहिजे."

"येईल मामा. तुम्ही फक्त तिच्या शेजारी बसा. रस्त्याकडे बघू नका, तिच्याकडे बघा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग किल्ली दिली.

सीट त्यांच्या मापाची होती, मी ती पुढे ओढली. त्याच्याआधी ती धैर्यशीलच्या मापाची असेल आणि मामांनी ती बदलली असेल, हे तेव्हा डोक्यात आलं. जशी ठेवलीयस तशी, असं काही राहिलेलं नव्हतंच. गाडी सुरू करताना दोनदा बंद पडली. हमरस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला वाट देऊन मी वळवली. इंजिन खालच्या आवाजात गुरगुरत होतं, मधेच अडखळत होतं, ठसका लागल्यासारखं. गरम लोखंडाचा वास आत येत होता.

बिरोबाचं वळण आलं. मी पाय उचलला.

तो आवाज मी कायम वरून, दारातून ऐकला होता. आतून तो वेगळाच होता. पायांखालून आला, पाठीतून गेला. मला धैर्यशील आठवायला हवा होता. मला आठवला तो देवूचा गच्च मिटलेला चेहरा. तरी मी वळण पार होईपर्यंत पाय उचललेलाच ठेवला. एक बार जास्तच झाला असेल. आपण हे पुन्हा ऐकणार नाही, हे मला ठाऊक होतं. वर बसलेल्यांना ठाऊक नव्हतं.

चढ चढून फाटकाशी आले. मामा पायरीवर होते. देवू त्यांच्या मांडीत होती, बनी देवूच्या मांडीत. देवूचे हात बनीच्या कानांवर आणि मामांचे दोन्ही रुंद पंजे देवूच्या कानांवर. इंजिन बंद झालं तरी त्यांनी ते काढले नव्हते.

देवू त्यांच्या पंजातूनच ओरडली, "बाबा आले!"

"न्हाई बाळा," मामा म्हणाले. "आई आलीया तुजी."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिकलगारला फोन लाव."

इम्तियाज त्याच दिवशी आला. येताना खिशातून प्लॅस्टिकची छोटी डबी काढली. आत पितळेची दोन जेट, हरभऱ्याच्या डाळीएवढी. एक हळू चालीचं, एक भर चालीचं, असं त्याने सांगितलं. त्याने पान्यांचं फडकं गाडीपुढे जमिनीवर पसरलं, तेवढ्यात मामा आतून ताटली घेऊन आले. भात, वर दही, कडेला मोतीचूरचा लाडू. फोन झाल्यावर लगेच जाऊन आणला होता. त्यांनी ती कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली.

"थांब," ते इम्तियाजला म्हणाले. "त्याला इचारू दे."

आम्ही थांबलो. मामा भिंतीपाशी हात जोडून उभे. समोर तारेवर कावळे होते.

"धैर्या, गाडी उघडतोय. पोरीपायी उघडतोय."

कावळे इकडे तिकडे माना वळवत होते. एक उडाला, तो पलीकडच्या माळवदावर जाऊन बसला. मामांनी आणखी एकदा विचारलं. मग आणखी एकदा. मी चहा केला, तो प्यायलो, कप विसळून ठेवले. मामांचा चहा साय धरून पडला होता. त्यांच्या मानेवरून घाम निथळत होता.

"मामा, सावलीत तरी या."

"शब्द हाय तो. असा कसा मोडू? तवा लगीच आलता की न्हाई? लगीच आलता."

इम्तियाज बॉनेटला टेकून डबीचं झाकण उघडझाप करत होता. तो सहज म्हणाला, "काका, एक बोलू? त्यो आता कशाला येतोय. ही जेट त्यानंच आणल्याली हायती."

मामा वळले. "कुणी?"

"धैर्यानं. पुण्यासनं मागवून घेतली. आजारी पडायच्या आदल्या दिवशी गॅरेजवर ठेवून गेलता. म्हणाला, इम्त्या, रविवारी बदलू. मी म्हटलं, का रं, आवाज तर लई भारी आलाय, ऱ्हाऊ दे की चार दिवस. तर म्हंतोय कसा, माझी पोरगी दचकायलीय रे. जोतिबाला गेलतो तिघं, गिरोलीच्या घाटात पाय उचलला की पोरगी अंग आकसून घेत हुती, आरशातनं बघितलं मी. म्हणाला, तिला गाडीत झोप लागली पाहिजे. गप कर हिला."



जोतिबाला मी मागच्या सीटवर होते. देवू माझ्याच मांडीवर होती.

"आधी का न्हाई बोललास?" मामांनी विचारलं.

"तुम्ही नदीवर सगळ्यांसमोर शब्द दिला. त्यात मी कुठं तोंड घालू काका? मला वाटलं, तुम्हास्नी त्या आवाजानं बरं वाटतंय."

मामांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. ताटलीकडे बघितलं, तारेवरच्या कावळ्यांकडे बघितलं. मग गाडीपाशी आले आणि हात पुढे केला.

"आण तो पाना."

"मी करतो की काका."

"कुणाला हात लावू देणार न्हाई म्हटलंय मी. मी बाप हाय. तू नुसतं सांग, कुठं फिरवायचं."

इम्तियाज सांगत गेला, मामा फिरवत गेले. त्यांची बोटं जाड. जुनं जेट निघताना एकदा निसटून खाली पडलं, ते देवूने शोधून दिलं. ती इतक्या जवळ कधी आली नव्हती. गाडीत बसायचं म्हटलं की रडायची, आम्हाला वाटायचं उलटी होते म्हणून. नवीन दोन्ही बसवून झाल्यावर इम्तियाजने इंजिन सुरू केलं आणि कार्ब्युरेटरचा एक बारीक स्क्रू मामांकडून थोडा थोडा फिरवून घेतला. इंजिनचा अडखळता आवाज हळूहळू एकसारखा होत गेला. मामांनी कान दिला, डोळे मिटले.

"बास," ते म्हणाले. "जाळ लागला."

दुपारी मी भिंतीकडे बघितलं तर ताटली रिकामी होती. कावळा होता, की चिमण्या, की शेजारचं मांजर, कुणी बघितलं नव्हतं. मामांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

ऊन कलल्यावर मामांनी गाडी काढली. "चला, बसा समदी."

"देवू, बसायचं?"

तिने बनीला विचारलं. बनी हो म्हणाली असावी. ती माझ्या मांडीवर बसली, मागच्या सीटवर, डावीकडे. त्या दिवशी जिथे बसलो होतो तिथेच. आज देवू चौथीत आहे. तिला यातलं काहीच आठवत नाही. आवाजही नाही आणि तो थांबला तेही नाही. मी अजून गाडीत बसले की आरशातून तिला बघत असते. पण त्या संध्याकाळी मी रस्त्याकडे एकदाही बघितलं नाही.

खाली हमरस्त्यापर्यंत गेलो. मामांनी गाडी वळवली. बिरोबाचं देऊळ दिसायला लागलं तसे देवूचे हात आपोआप वर आले आणि बनीच्या कानांवर बसले. खांदे चढले. मी माझे हात तिच्या कानांवर ठेवणार होते, पण ठेवले नाहीत.

मामांनी पाय उचलला.

काहीच झालं नाही. टायरांखाली खडी करकरली, इंजिनचा आवाज खाली बसत गेला आणि कुणाच्या तरी अंगणातली म्हैस हंबरली.

देवू वाट बघत राहिली. वळण संपलं. चढ लागला. तिने बनीच्या एका कानावरचा हात काढला, मग दुसऱ्या. मान वळवून मागच्या काचेतून रस्त्याकडे बघितलं. मग पुढे मामांच्या पाठीकडे.

"आबा."

"काय बाळा?"

"बाबा झोपले?"

मामांचे हात चाकावर होते. आरशात मला त्यांचे डोळे दिसले आणि त्यांना माझे. गाडी चढ चढत होती, आणि अजिबात धापा टाकत नव्हती.

"व्हय," मामा म्हणाले. "झोपले."

"मग हळू बोल ना," देवू कुजबुजली आणि बनीच्या तोंडावर बोट ठेवलं.

घर येईपर्यंत आम्ही तिघंही हळूच बोललो.